तेरा वेळचा वारा

घारबाईला आज कुणी विचारलं, की बाई, तुझ्यावर उपकार कुणाचे, तर ती आईबापांच्या आधी दोन माणसं सांगेल. एक भोंगा आणि दुसरी ती डॉक्टरीण, जिनं तिला पहिल्याच भेटीत झापलं. उपकार कशाबद्दल? तर लघवीबद्दल. ज्यांना या शब्दाची लाज वाटते त्यांनी इथेच पान उलटावं. पुढे तो बराच येणार आहे.

घार हे तिचं बांधकामावरचं नाव. उंच क्रेनच्या माथ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून एकोणीस वर्षं ती खालच्या माणसांना सळया, फळ्या आणि काँक्रीटच्या बादल्या पोचवत आली. केबिन केवढी? एक खुर्ची, दोन्ही हातांना एकेक दांडा, पायाखाली काच, आणि जेवणाचा डबा ठेवायला एक कोपरा. चढायला शिडी. शिडीचे अठरा टप्पे. उतरायला अकरा मिनिटं, चढायला सतरा, आणि संडास पार फाटकाजवळ, म्हणजे जाऊन येऊन आणखी आठ. हिशेब साधा होता. एकदा लघवीला जाऊन यायचं म्हणजे छत्तीस मिनिटं क्रेन बंद, आणि खाली चाळीस माणसं कमरेवर हात ठेवून वर बघत उभी.

पुरुष चालकांचं बरं असतं. अगदीच अडलं तर ते बाटली वापरतात, विषय संपतो.

घारबाईला क्रेन शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कोरडं चढायचं. चढण्याआधी पाणी नाही, वर पाणी नाही." तो त्या लोकांचा अभिमानाचाच विषय होता. कोण किती तास कोरडा राहतो याच्या बढाया चालायच्या. घारबाई त्यात कुणाला हार जायची नाही. पहाटे एक कप चहा, सातला वर, एकला खाली, जेवण, पुन्हा एक कप चहा, पुन्हा वर. बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी नव्हे, पण चौथ्या महिन्यात ती परत वर होती आणि तेव्हाही तिची लघवीची पिशवी एखाद्या जुन्या कारकुनासारखी निमूट बसून राहायची. जेवणाची सुट्टी झाल्याशिवाय तक्रार नाही.

पन्नाशीला पाळी गेली. घारबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला, उरलेली पॅडं भाचीला देऊन टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, एक कटकट मिटली."

मिटली कसली. वर्षभरात दुसरी उभी राहिली. आधी नुसती घाई. शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला, की लागायचीच. आत्ताच जाऊन आलेली असली तरी लागायची. मग जळजळ. औषधाच्या दुकानात विचारून गोळ्या आणल्या, चार दिवस बरं वाटलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. खोकला आला की कपडे ओले. रात्री तीन-तीनदा उठणं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, स्वभावानं शांत. आधी तो कूस बदलून "अगं, पुन्हा?" म्हणायचा. मग काही न बोलता त्यानं मोरीच्या वाटेवरची सतरंजी उचलून ठेवली, अंधारात तिचा पाय अडकू नये म्हणून. तिनं ते पाहिलं. बोलली तीही नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी अशाच पोचतात.

आणि तिनं उपाय काय केला? तर पाणी आणखी तोडलं. सकाळचा कप अर्धा केला. ओठ फुटले, डोकं ठणकायला लागलं, लघवी मोहरीच्या तेलासारखी पिवळीधमक, आणि घाई होती तिच्या दुप्पट. एवढी शहाणी बाई, हवेतल्या हवेत चार टन माल बोटभर जागेत उतरवणारी, पण आपल्याच शरीराच्या बाबतीत उस्तादांचा धडा गिरवत बसली.

मग एके दिवशी, सकाळी साडेनऊला, तिच्याच्यानं राहवेना. जेवणाला साडेतीन तास होते. हुकाला सळयांची मोळी लटकत होती. तिनं मोळी खाली टेकवली, वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि म्हणाली, "वारा."

हे समजायला क्रेनवरचा एक नियम माहीत हवा. वाऱ्याचं मीटर असतं चालकाच्या केबिनमध्ये. काटा लाल रेघेला टेकला की चालकानं "वारा" म्हणायचं, माल खाली ठेवायचा, क्रेनचा आडवा हात मोकळा सोडायचा म्हणजे तो वाऱ्याबरोबर हवा तसा फिरतो, आणि काम बंद. त्यावर वाद नाही. मालक असो, मुकादम असो, कुणी "जरा थांब, एवढी एक बादली दे" म्हणायचं नाही. काही वर्षांपूर्वी एका मुकादमानं म्हणून पाहिलं होतं. घारबाईनं ऐकलं नाही, आणि पंधरा मिनिटांत अशी वावटळ आली की सातव्या मजल्याच्या फळ्या रस्त्यापलीकडे जाऊन पडल्या. तेव्हापासून त्या बांधकामावर तिचा "वारा" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिनं कधी हा शब्द वाया घालवला नव्हता.

तो तिनं त्या दिवशी लघवीसाठी वापरला.

खालून भोंग्याचा आवाज आला, "वारा! माल ठेवा, बाजूला व्हा! वारा आहे!" भोंगा म्हणजे खालचा सिग्नलवाला. बारा वर्षं तो तिचे खालचे डोळे होता. तिला जे वरून दिसत नाही ते तो बघायचा आणि सांगायचा: दोन हात डावीकडे, एक वीत खाली, थांबा. आवाज असा, की वॉकीटॉकी नसती तरी चाललं असतं. घारबाई उतरली, फाटकाजवळ जाऊन आली, परत चढली. कुणी काही विचारलं नाही. हेच तर वाईट झालं. एकदा पचलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. आठवड्यात एकदा, मग दोनदा. दरवेळी ती वर जाऊन बसली की तोंडात कडू चव यायची. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

दोन महिने असे गेले. मग साहेबानं बोलावलं. साहेब म्हणजे साइट इंजिनिअर. वय तिच्या भाच्याएवढं, टेबलावर नकाशांच्या सुरळ्या आणि बिनसाखरेच्या कॉफीचा मग. माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्यांवर फार विश्वास.

"ताई, बसा. मी मधे ऑफिसच्या गच्चीवर दुसरं मीटर बसवलं. कॉम्प्युटरला जोडलंय." त्यानं एक कागद तिच्याकडे सरकवला. "तेव्हापासून तुम्ही अकरा वेळा वारा सांगितलात. अकराही वेळा वारा नव्हता."

घारबाईनं कागदावरच्या तारखांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"मी तुमच्यावर आरोप करत नाहीये," तो अवघडून म्हणाला. "उंचीची भीती वाटायला लागली का? होतं म्हणे एका वयानंतर. तसं असेल तर तसं लिहून द्या. स्टोअरमध्ये जागा आहे, खाली बसून काम. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या."

भीती! तिला! जिनं त्या केबिनमध्ये बसून उन्हाळे काढले, पायाखालच्या काचेतून खालच्या माणसांची टक्कलं ओळखली, तिला उंचीची भीती? पण खरी गोम अशी, की भीती लिहून देणं सोपं होतं. भीती म्हटलं की लोक हळहळतात. लघवी म्हटलं की हसतात. एक सही करायची, आणि उरलेली सहा वर्षं हेल्मेटं मोजत घालवायची. ती केबिन जाणार, पण निदान अब्रू झाकली जाणार. बाहेर येईपर्यंत तिचं अर्धंअधिक ठरलंही होतं.

सळयांच्या ढिगामागे भोंगा चहा पीत उभा होता.

"काय म्हणाला?"

"अकरा वेळा खोटा वारा सांगितला म्हणाला."

"अकरा?" भोंग्यानं मान हलवली. "तेरा आहेत. दोन त्याचं मीटर बसायच्या आधीचे."

घारबाईला वाटलं जमीन फाटली तर बरं. "भोंगेदादा, तुम्हाला माहीत होतं?"

"घारबाई, मी खाली उभा असतो. माझ्या डोक्यावर केस चारच आहेत, पण ते उडतायत की नाही एवढं मला कळतं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

भोंग्यानं इकडेतिकडे पाहिलं. तीन मजले ओलांडून ऐकू जाणारा तो आवाज आता कुजबुजीवर आला. "तुम्ही माझ्यासाठीच करत होता ना ते?"

"तुमच्यासाठी?"

"म्हणजे काय! तुम्हाला वरून सगळं दिसतं. मी कितीदा फाटकाकडे पळतो ते दिसत असणारच. मला प्रोस्टेटचं झालंय, बाई. एकदा जाऊन भागत नाही. जावं, थेंब थेंब व्हावं, परत यावं, की पुन्हा लागलेली. नळाचा वॉशर गेल्यासारखं. तुम्ही वारा म्हटलात की मी सुटायचो. तुम्ही उतरेपर्यंत माझी एक फेरी व्हायची, तुम्ही परत चढेपर्यंत दुसरी. मी बायकोला सांगितलं, घारबाई म्हणजे देवमाणूस आहे. तोंडानं एक शब्द नाही, पण माझी अडचण ओळखून बरोबर वेळेला वारा सांगते. ती तर म्हणाली, एकदा घरी जेवायलाच बोलवा त्यांना."

घारबाईला हसू फुटलं. आधी खुसखुस, मग खदाखदा. ढिगाला हात टेकून ती इतकी हसली की हसता हसता तिनं दोन्ही पाय घट्ट जुळवले, "आले, आले, इथेच थांबा" म्हणाली आणि फाटकाकडे धावत सुटली.

परत आली तेव्हा भोंग्याला सगळं समजलेलं होतं.

"तुम्हालापण?" तो म्हणाला.

"मलापण."

"आणि मी आपला उगाच लोकांत तुमचं कौतुक करत फिरतोय."

"करत राहा. मला कुठे नको आहे?"

हसणं झालं. मग भोंगा गंभीर झाला. "मीपण सहा महिने लपवलं. बायकोनं धरून नेलं डॉक्टरकडे. लघवीच्याच विकारांची डॉक्टर आहे, बाई आहे, पुरुष बायका दोन्ही बघते. मला वाटलं होतं, झालं, म्हातारपण आलं. ती म्हणाली, पुरुषाच्या हार्मोनवर ही प्रोस्टेटची गाठ पोसली जाते, वयाबरोबर वाढते आणि वाट दाबून बसते. गोळी चालू आहे. पुष्कळ बरं आहे आता. तुम्ही उद्याच्या उद्या जा. आणि सोमवारपर्यंत काहीही लिहून देऊ नका. ते भीतीबिती तर मुळीच नको. तुमच्या जागी दुसरा कुणी वर बसला तर मी सिग्नल कुणाला देऊ? बारा वर्षांत शिकवलंय तुम्हाला."

"कुणी कुणाला शिकवलं?" घारबाई म्हणाली. पण डोळे भरून आले होते, तेव्हा ते वाक्य काही नीट वठलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरीण तिच्याच वयाची, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"मला वर चढायचं असतं हो, क्रेनवर..."

"मी कुठे चढता ते नाही विचारलं. किती पिता?"

"दीड कप चहा. रात्री एक भांडं पाणी."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं?"

"आमच्या उस्तादांनी."

"त्यांची पाळी कधी गेली?"

घारबाईनं पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"नाही ना गेली? मग त्यांना काय माहीत!" डॉक्टरीण कडाडली. मग खुर्ची पुढे ओढून तिनं कागदावर एक चित्र काढलं, फुगलेल्या पिशवीचं, खाली नळी. "हे बघा. पाळी जाते तेव्हा एकटी पाळी जात नाही. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन ओसरतं. ही नळी, पिशवीचं हे तोंड, शेजारी योनीचं अस्तर, सगळं इतकी वर्षं त्याच्यावर पोसलं गेलं. ते ओसरलं की अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं. तिथले चांगले जंतू कमी होतात, नको ते वस्तीला येतात. म्हणून जळजळ, म्हणून पुन्हा पुन्हा इन्फेक्शन, म्हणून ही घाई. त्यात तुम्ही पाणी तोडलंत. लघवी दाट झाली, ती पिशवीला टोचते आणि पिशवी आणखी बोंबलते. आगीवर पाणी घालायचं सोडून तुम्ही पाणीच लपवून ठेवलंत."

घारबाईनं हळूच विचारलं, "म्हणजे माझं काही बिघडलं नाही?"

"तुम्ही बावन्न वर्षांच्या झालात. एवढंच बिघडलं. आणि त्याला उपाय आहेत."

हे वाक्य ऐकायला तिला दीड वर्ष लागलं. दीड वर्षात तिनं नवऱ्याला विचारलं नाही, बहिणीला विचारलं नाही, वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर डोळे आणि रक्तदाब तपासायचा, त्याला तर मुळीच विचारलं नाही. आपल्याकडे बायकांना सासू-सुनांची भांडणं चार लोकांत सांगता येतात, पण हे एक सांगता येत नाही.

डॉक्टरणीनं घरात कुणाला कर्करोग होता का, पाळी गेल्यावर मधेच रक्तस्राव झाला का, हे खोदून खोदून विचारलं. तपासलं. लघवी तपासायला पाठवली आणि सांगितलं, की रिपोर्ट येईल तीच गोळी घ्यायची, दुकानदाराच्या मनातली नाही. आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, अगदी थोड्या मात्रेचं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला. "वर खुर्चीत बसून करा. कुणाला दिसत नाही." पाणी दिवसभर थोडं थोडं. चहा कमी. आणि जायच्या वेळा ठरवून घ्यायच्या, लागो न लागो, मग हळूहळू मधलं अंतर वाढवायचं. "दोन-तीन महिने धीर धरा. चार दिवसांत मला फोन करून फरक नाही म्हणून सांगायचं नाही."

"पण वेळा ठरवून जायचं म्हणजे मला साहेबाला सांगावं लागेल," घारबाई म्हणाली.

"मग सांगा," डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रविवारी घारबाई टेबलाशी बसून खुलासा लिहीत होती. नवऱ्यानं खांद्यावरून वाचलं. 'मी तेरा वेळा वारा सांगितला. वारा नव्हता. लघवी लागली होती.'

"तेरा? तो तर अकरा म्हणाला होता."

"तेराच आहेत."

तो जरा घुटमळला. "लघवीच्या जागी 'नैसर्गिक कारण' लिहू या का?"

"वारापण नैसर्गिकच असतो," ती म्हणाली. नवऱ्यानं मान डोलावली आणि खालच्या ओळीतली एक वेलांटी तेवढी सुधारून दिली.

सोमवारी साहेबानं कागद वाचला. आधी कान लाल झाले, मग मान. दुसऱ्यांदा वाचला. डॉक्टरणीची चिठ्ठी वाचली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, भीती वाटते का. हे नाही विचारलंत."

"बरोबर." तो वळला. आता त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. "लघवीचं सोडा, ताई. वाऱ्याचं काय? उद्या तुम्ही खरा वारा सांगितलात आणि मी आधी मीटर बघायला गेलो, तर? तेवढ्या मिनिटात खाली कुणी मेलं तर?"

"मला लाज वाटते ती त्याचीच," घारबाई म्हणाली. "दुसऱ्या कशाची वाटेनाशी झालीय. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण भीती वाटते असं मी लिहून देणार नाही. ती मला वाटत नाही."

साहेबानं तो कागद पुन्हा पुढ्यात ओढला. तिला बाहेरचा काँक्रीटचा मिक्सर ऐकू येत होता, आणि ती मनातल्या मनात तिच्या केबिनमधल्या त्या दोन दांड्यांवरून हात फिरवत होती, निरोपाला फिरवावा तसा.

मग त्यानं फायलीत लेखी ताकीद लावली, तिच्यासमोर. इन्फेक्शन बरं होईपर्यंत पंधरा दिवस स्टोअरमध्ये. त्यानंतर पुन्हा क्रेनवर. साडेनऊला आणि साडेतीनला दुसऱ्या क्रेनचा राखीव चालक तिच्या जागी बसेल. आणि फाटकाजवळचा एक संडास उचलून क्रेनच्या पायथ्याशी. "हे मला पहिल्या दिवशीच करता आलं असतं," तो पुटपुटला. "नकाशात जागा होती." हे त्यानं कबूल केलं म्हणून घारबाई आजही त्याचं नाव आदरानं काढते. कबूल करायला मीटर लागत नाही.

पंधरा दिवस तिनं खरंच हेल्मेटं मोजली. सोळाव्या दिवशी ती चढली, खिशात पाण्याची बाटली. पहिल्या महिन्यात फार फरक नव्हता, आणि तिनं डॉक्टरणीला फोन केला नाही. दुसऱ्या महिन्यात जळजळ गेली ती परत आली नाही. तिसऱ्यात एके सकाळी लक्षात आलं, की शिडीवर हात ठेवला आणि काहीच झालं नाही. सगळं गेलं का? नाही. जोरात शिंक आली तर अजून भरवसा नाही, रात्री अजून एकदा उठावं लागतं. तिला ते चालतं. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, माणसासारखं खाली उतरता येतं, आणि वर परत जाता येतं, हे तिला एवढं मोठं वाटतं की कुणाला सांगायला जावं तर समोरचा बावचळतो.

भोंग्याचे आभार मानायचे राहिले होते. समोरासमोर जमेना. तो लगेच काहीतरी चेष्टा काढायचा, आणि अडचण अशी की त्याची बायको अजूनही भेटली की घारबाईचेच आभार मानायची. शेवटी एकदा दुपारी, सळयांची मोळी नवव्या मजल्याच्या वर येत असताना, तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं. त्या चॅनलवर अख्खी साइट ऐकत असते.

"भोंगेदादा."

"बोला. दोन हात डावीकडे."

"तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

काचेतून तिला तो दिसत होता, मोळी उतरवायची होती त्या नवव्या मजल्यावर, चाळीस माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन उभा. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेली, पुन्हा खाली केली, मग ती तशीच हातात धरून, नुसत्या गळ्यानं ओरडला, "आधी सळया ठेवा, बाई! उपकार मग बघू!"

तिनं मोळी दोन हात डावीकडे घेतली आणि अलगद टेकवली.